कुणाला सांगू नकोस

दान गुप्त असावे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. देणाऱ्याने द्यावे आणि विसरून जावे. या शिकवणीबद्दल मला कधी शंका आली नव्हती. ती शंका सहावीतल्या एका मुलीने माझ्या टेबलावर आणून ठेवली, जलरंगांच्या एका न उघडलेल्या पेटीच्या रूपाने.

मी एका खाजगी विनाअनुदानित शाळेत चित्रकला शिकवतो. माझे शिक्षण शालान्त परीक्षेपाशी थांबले. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि त्यांच्या जोरावर ही नोकरी मिळाली. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. आमच्या शाळेत बालवर्गापासून दहावीपर्यंत मुलगे आणि मुली एकत्र शिकतात. वसतिगृह नाही. मुले सकाळी येतात आणि साडेतीनला घरी जातात. गोष्ट साधी वाटते, पण तिच्यात बराच अर्थ भरला आहे. वसतिगृहात सगळ्यांच्या ताटात एकच आमटी पडते. दिवसाच्या शाळेत मात्र प्रत्येक मूल रोज सकाळी आपले घर बरोबर घेऊन येते. गणवेश ते घर झाकतो आणि मधल्या सुट्टीतला डबा ते उघडे करतो.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने आमच्यासारख्या शाळांच्या प्रवेशवर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बळ आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवायला लावल्या. महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले ते १८८२ साली. गोखल्यांनी त्यासाठी विधेयक आणले १९११ साली, आणि ते फेटाळले गेले. मुलाचा हक्क म्हणून ही गोष्ट देशभर मान्य व्हायला सव्वाशे वर्षे लागली. तरी ती वाट सरळ नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्यात नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळांची या जागांतून सुटका झाली. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल त्याच वर्षीच्या जुलैत रद्द केला. आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्या दिवसांत बरेच वाद झाले. मी अर्थातच मुलांच्या बाजूचा होतो आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

ती मुलगी या २५ टक्क्यांतली. मी वर्गाला जलरंग आणायला सांगितले होते. ती तीन तास लागोपाठ म्हणाली, "विसरले, सर." कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या मनातले आपल्याला कळते अशी खोड असते. मी सगळे ओळखले. तास सुटल्यावर तिला थांबवले, कपाटातली नवी पेटी तिच्या हातात ठेवली आणि हळूच म्हणालो, "कुणाला सांगू नकोस हं."

असे म्हणण्यामागे माझे स्वतःचे कारण होते. माझ्या शाळेत फीमाफीचे अर्ज आले की मास्तर भर वर्गात आम्हाला उभे करीत. उभे राहणाऱ्यांकडे बसलेले बघत. तेव्हाच मी ठरवले होते की आपण मास्तर झालो तर असे कधी करायचे नाही.

दुसऱ्या दिवशी ती पेटी परत घेऊन आली. म्हणाली, "सर, आई म्हणाली, कुणाला सांगायचं नाही अशी वस्तू घरात कशाला आणलीस?"

मला उत्तर सुचले नाही. त्या बाईंना मी कधी भेटलो नाही. पण त्यांच्या प्रश्नाने माझ्या चांगुलपणाचा पायाच हलला. त्यांच्या घरी, कुणाला सांगता येत नाही अशी वस्तू म्हणजे चोरीची वस्तू. त्यात काय चुकले?

मी पुष्कळ विचार केला. दान गुप्त असावे याचा अर्थ देणाऱ्याने तोंड मिटावे. मी घेणारीचे तोंड मिटवले होते. गुप्ततेचे ओझे देणाऱ्याने वाहायचे असते. मी ते बारा वर्षांच्या पोरीच्या दप्तरात घातले. माझ्या मास्तरांनी लाज चव्हाट्यावर मांडली, मी ती पदराखाली दिली. पण ही लाजेची गोष्ट आहे, यावर आम्हा दोघांचे एकमत होते. ज्या हक्कासाठी मी शिक्षकांच्या खोलीत भांडलो, त्याच हक्काची वर्गात मी भीक केली होती.

पुढच्या सत्रापासून मी रंग आणायला सांगणेच बंद केले. मुख्याध्यापिकांना विनंती करून साहित्याच्या पैशांतून पेट्या घेतल्या. त्या मधल्या टेबलावर असतात. ज्याला जो रंग हवा तो त्याने न्यावा, शेवटी धुऊन पुसून ठेवावा. एरवी सहावीपासून मुलगे एका बाजूला आणि मुली दुसऱ्या बाजूला बसू लागतात. निळा संपला की तेही एकमेकांकडे मागायला लागले, हा जास्तीचा लाभ. एक सहकारी म्हणाले, "म्हणजे ज्यांच्याकडे चांगले रंग आहेत, त्यांनाही तुम्ही खाली ओढणार." आक्षेप अगदीच खोटा नाही. एका मुलाची घरची पेटी खरोखरच उंची होती आणि तो काही दिवस रुसला होता. पण रंग सारखे केले म्हणून चित्रे सारखी होत नाहीत. चित्रांत कमीजास्त असावेच. ते पेटीच्या किमतीवरून ठरू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

मात्र यातून प्रश्न सुटला असे मी समजत नाही. रंगांची पेटी टेबलावर ठेवता येते, डबा ठेवता येत नाही. साडेतीनची घंटा झाली की फाटकापाशी गाड्या लागतात, आणि काही मुले पायी कोपऱ्यावरच्या बसथांब्याकडे वळतात. तिथपर्यंत माझा हात पोचत नाही. सहलीचे पैसे गोळा करायची वेळ येईल, तेव्हा कुणीतरी पुन्हा "विसरले" म्हणेल. त्या वेळी मी काय करणार, हे अजून माझे मलाच ठाऊक नाही. "कुणाला सांगू नकोस" असे मात्र म्हणणार नाही, एवढे ठरले आहे.