चौकटीबाहेरचे : निसर्गछायाचित्रातील वगळण्याची नीती

खोपोलीजवळच्या शिळफाट्यावर पावसाळा सरता उभे राहिले, की डोंगराच्या पार्श्वभूमीवर चरणाऱ्या म्हशी आणि त्यांच्या पायांशी वावरणारे गायबगळे दिसतात. त्याच परिसरात महामार्ग आहे; १९१५ मध्ये सुरू झालेले खोपोलीचे जलविद्युतगृह आणि विजेच्या ताराही आहेत. छायाचित्रकार दोन पावले सरकतो. तारा व रस्ता चौकटीबाहेर जातात आणि ‘निसर्ग’ उरतो. ही कृती केवळ रचनेची, की तिला नैतिक आशयही आहे?

निवड म्हणजे वगळणे, हे सर्वच कलांना लागू आहे. चित्रकाराने तारा गाळल्या तर आपण त्याला जाब विचारत नाही. छायाचित्राचे तसे नाही. रोलाँ बार्थ यांनी ‘कॅमेरा ल्युसिडा’मध्ये (१९८०) मांडल्याप्रमाणे, समोरची वस्तू तेथे होती याची ग्वाही छायाचित्र देते. ती तेथे कशी आली, याविषयी मात्र ते मौन पाळते. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २००९ मध्ये फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याचे छायाचित्र सर्वोत्कृष्ट ठरले. तो लांडगा बहुधा माणसाळवलेला असावा, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढल्यावर २०१० मध्ये ते बाद झाले. चित्रातील एकही रेषा बदलली नव्हती. तिचा अर्थ बदलला होता. केवळ रूपनिष्ठ समीक्षा येथे अपुरी पडते.

याच स्पर्धेच्या नागरी विभागात २०१६ मध्ये गौरवलेले नयन खानोलकर यांचे छायाचित्र या संदर्भात पाहावे. मुंबईतल्या एका गल्लीतून रात्री बिबट्या चालला आहे. तो चौकट व्यापत नाही. गल्लीलाही तिचे स्थान आहे. हेही रचलेलेच आहे : योजलेला प्रकाश, चार महिन्यांची प्रतीक्षा. तेव्हा प्रश्न रचना असण्या-नसण्याचा नाही. तारा दाखवल्या की छायाचित्र आपोआप प्रामाणिक होते, असेही नाही. तारांचाही अलंकार करता येतो. पशू ज्या संबंधांत जगतो, ते संबंध रचनेने राखले की तोडले, हा खरा निकष आहे.

कारण वगळण्याचे परिणाम चौकटीपाशी थांबत नाहीत. निर्मनुष्य अरण्यातच बिबट्या पाहण्याची सवय जडलेल्या डोळ्याला गल्लीतला बिबट्या ‘घुसखोर’ दिसतो, आणि घुसखोराला हाकलणे न्याय्य वाटू लागते. शिळफाट्यावर गाळलेल्या तारेचा हिशेब असा दूरवर, आणि पशूच्या नावे, मांडला जातो. समीक्षकाने तो वाचायला हवा.