फुकट सेवेचा दर्जा

‘फुकट मिळते आहे ना, मग नावे कशाला ठेवायची?’ असे आपण सहज बोलून जातो. वस्तीतल्या मोफत कान तपासणीबद्दलही हेच म्हटले जाते. गरिबाला थोडीफार सेवा मिळाली तरी पुष्कळ, हा त्यामागचा विचार. तो कितपत योग्य आहे?

कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब आणि तिच्या टोकाला कागदासारखा पातळ पडदा. मळ काढताना पिचकारीने सोडायचे पाणी शरीराइतकेच कोमट हवे. थंड किंवा गरम असेल तर भोवळ येते. पडद्याला छिद्र असेल किंवा कान वाहत असेल, तर पाणी सोडायचेच नाही. म्हणून आधी कान नीट पाहावा लागतो. तपासणीची नळी प्रत्येक रुग्णानंतर स्वच्छ, निर्जंतुक करावी लागते. नाहीतर एकाच्या कानातले जंतू दुसऱ्याच्या कानात जातात. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या कानाला वेगळे नियम नाहीत.

काही जण विचारतात, ‘एवढे नियम पाळले तर शंभराऐवजी चाळीसच रुग्ण होतील. उरलेल्या साठांचे काय?’ प्रश्न खोटा नाही. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला; तरी कानाचे डॉक्टर अजून गावोगावी पोहोचलेले नाहीत. पण २०१४ मध्ये पंजाबातील घुमान येथे मोफत शिबिरात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांची दृष्टी गेली, हेही आपण विसरू नये. थांबावे लागलेल्या माणसाला पुढची तारीख देता येते, तातडीचे दुखणे असेल तर मोठ्या रुग्णालयात पाठवता येते. गमावलेले इंद्रिय मात्र परत देता येत नाही.

शिवाय पैसे मोजणारा प्रश्न विचारतो, पटले नाही तर दुसरा दवाखाना गाठतो. फुकट घेणारा उपकाराच्या ओझ्याखाली गप्प बसतो. तो बोलू शकत नाही, म्हणूनच देणाऱ्याची जबाबदारी वाढते. काटकसर मंडपात करावी, हारतुऱ्यांत करावी. हात धुण्यात आणि उपकरणे उकळण्यात करू नये.

शिबिर संपल्यावर ‘किती रुग्ण तपासले?’ असे आपण कौतुकाने विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारू या: ‘स्वच्छ नळ्या किती होत्या?’