सत्य पाहणे आणि सत्य स्वीकारणे

एकच वस्तू दोन विद्वान पाहतात, तरी दोघांचे निष्कर्ष परस्परविरोधी का ठरतात? मेंदूच्या सूक्ष्म रचनेचा इतिहास या प्रश्नावर विचार करायला लावतो.

मेंदू व मज्जारज्जू यांचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर पूर्वी तंतूंचा केवळ गुंता दिसे. १८७३ मध्ये इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी पोटॅशियम डायक्रोमेट व सिल्व्हर नायट्रेट वापरून एक रंजनपद्धती प्रसिद्ध केली. तिच्यामुळे मोजक्याच चेतापेशी सर्व शाखांसह काळ्या होतात व उठून दिसतात. बाकीच्या अदृश्य राहतात. सर्वच पेशी रंगल्या असत्या, तर काळोखाशिवाय काही दिसले नसते. मानवी ज्ञानाची मर्यादा यातच दिसते: थोडे दिसते, कारण पुष्कळसे झाकलेले असते.

हे तंतू एकमेकांत मिसळून अखंड जाळे बनते, असे गोल्जींचे मत होते. १८८७ मध्ये स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी हीच पद्धती पाहिली आणि पुढे पक्ष्यांचा लहान मेंदू व कोंबडीच्या भ्रूणाचा मज्जारज्जू तपासला. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे; तिच्या शाखा दुसरीजवळ पोहोचतात, पण तिच्यात विलीन होत नाहीत, असे त्यांना आढळले. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. तरी त्या प्रसंगीच्या व्याख्यानातही गोल्जींनी हा सिद्धांत नाकारला. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधील फट दाखवली. ती मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी असते. मात्र काही पेशी सूक्ष्म मार्गांनी थेट जोडलेल्या असतात, हेही नंतर सिद्ध झाले. म्हणजे काहालांच्या सिद्धांतालाही अपवाद निघालेच.

गोल्जींच्या अंतःकरणात काय होते, हे अल्लाहच जाणतो. त्यांचा निवाडा करणे आपले काम नव्हे. त्यांच्याच साधनाने पुढचे सत्य उजेडात आले, हे ऋणही विसरता येत नाही. परंतु सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे म्हणजे गर्व, ही प्रेषितांची (स.) शिकवण येथे आठवते. गर्व अज्ञानीच करतात असे नाही. ज्ञानाच्या आडही तो लपतो.

आपण ज्याला शिकवले, त्या मुलाने किंवा शिष्याने आपली चूक दाखवली, तर आपण आधी काय तपासतो: त्याचे म्हणणे की त्याचे वय? आपल्या इल्मची खरी परीक्षा त्याच क्षणी होते.