हरलेल्या घोड्याचा वंश

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधली गोष्ट. स्क्वर्ट नावाचा एक घोडा खुरांच्या दुखण्याने इतका लंगडा झाला, की मालकाने त्याला गोळी घालायला सांगितलं. घोडा बाहेर नेत असताना मोतद्दाराने गयावया केली आणि तो वाचला, असं सांगतात. पुढे त्याच्यापासून मार्स्क झाला. मार्स्क बरा धावला, पण नाव काढावं असं काही त्याने केलं नाही. त्याचा मालक ड्यूक ऑफ कम्बरलँड १७६५ साली वारला, तेव्हा तो कवडीमोलाने विकला गेला आणि खेड्यापाड्यातल्या घोड्यांसाठी अर्ध्या गिनीत मिळू लागला. त्याआधीच, १७६४च्या सूर्यग्रहणाच्या वेळी, त्याचं एक शिंगरू जन्मलं होतं. ग्रहणावरूनच त्याचं नाव एक्लिप्स पडलं. एक्लिप्स अठरा शर्यती धावला आणि एकही हरला नाही. आज जगातल्या बहुतेक थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या, नरांची पितृपरंपरा त्याच्यापाशी जाऊन पोचते.

स्क्वर्टचा बाप तर शर्यतीत कधी उतरलाच नव्हता. बार्टलेट्स चाइल्डर्स हे त्याचं नाव. त्याचा सख्खा भाऊ फ्लाइंग चाइल्डर्स त्या काळातला सर्वांत वेगवान घोडा मानला जाई. ह्याला मात्र पळताना रक्तस्राव व्हायचा, म्हणून लोक त्याला ‘ब्लीडिंग चाइल्डर्स’ म्हणत. भावाची कीर्ती आणि दोघांचं एकच रक्त, एवढ्या भांडवलावर त्याला घोड्या मिळाल्या.

हरलेल्या घोड्यापासून पैदास करावी का, हा वाद निघाला की कोणीतरी हीच वंशावळ पुढे करतो. पण त्या काळी हा प्रश्न आजच्यासारखा विचारलाच जात नव्हता. १७०४ साली टॉमस डार्लीने अलेप्पोहून जो अरबी घोडा घरी पाठवला, तो रूप, चाल आणि कुळी पाहून. तिथे शर्यतीतल्या निकालाचा संबंध नव्हता. आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारात आजही घोड्याचे भोवरे पाहतात, देवमण आहे का बघतात, पंचकल्याणीला जास्त भाव देतात. घोडा कोणाला हरवून आला हे सहसा कोणी विचारत नाही. परीक्षा आहे, पण ती खुणांची.

इंग्लंडमध्ये खुणांची जागा निकालाने घेतली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. पूर्वी पाच-सहा वर्षांचे घोडे चार-चार मैलांच्या फेऱ्या पळत. मग तीन वर्षांच्या शिंगरांसाठी छोट्या, वेगवान शर्यती आल्या: १७७६मध्ये सेंट लेजर, १७७९मध्ये ओक्स, १७८०मध्ये डर्बी. १७९१ साली वेदरबीने वंशनोंदवही छापायला घेतली. आता एका पानावर कुळी आणि दुसऱ्या पानावर निकाल, दोन्ही लेखी. यातून एक नवा विश्वास रुजला: कोणाची पैदास करायची हे माणसाने ठरवू नये, जिंकण्याच्या खांबाने ठरवावं. इटलीच्या फेदेरिको तेसिओने, ज्याच्या तबेल्यातून नेआर्को आणि रिबो हे दोन अजिंक्य घोडे निघाले, हा विचार फार ठामपणे मांडला. त्याच्या मते थरोब्रेड हा प्राणी तज्ज्ञांनी घडवलेला नसून एप्समच्या त्या लाकडी खांबाने घडवलेला आहे. एप्सम डर्बीत आजही खच्ची केलेला घोडा धावू शकत नाही. तिथे शर्यत ही मुळात बाप निवडण्याची परीक्षा आहे, करमणूक नंतर.

या विश्वासाला पहिला मोठा धक्का एका घोडीने दिला. १८३७ साली जन्मलेली पोकाहोंटस आयुष्यात एकही शर्यत जिंकली नाही. तिच्या श्वासात दोष होता, पळताना घोरायची. तिच्या पोटी स्टॉकवेल जन्मला. त्याने १८५२ साली टू थाउजंड गिनीज आणि सेंट लेजर जिंकली आणि पुढे बाप म्हणूनही त्या काळात त्याच्या तोडीचा कोणी राहिला नाही. अशी उदाहरणं मग येतच राहिली. ला त्रुआएन सात वेळा धावली, एकदाही जिंकली नाही, आणि अमेरिकन पैदाशीची आदिमाता झाली. विख्यात अमेरिकन घोडा सेक्रेटेरियट याची आई एकदाच धावली, तीही मागे राहिली. घोडीच्या निकालापेक्षा तिची कुळी बघा, असं लोक म्हणू लागले. ब्रूस लो नावाच्या ऑस्ट्रेलियनाने तर माताकुळांना क्रमांकच लावून दिले. त्याचं पुस्तक १८९५ साली, त्याच्या मरणानंतर, निघालं आणि त्या क्रमांकांवर माणसांनी पैसे लावले. आज ते क्रमांक फक्त शोभेला उरलेत.

मला यातला तर्क पटत नाही, आणि याचं कारण साधं आहे. आपण इतिहास शेवटाकडून वाचतो. स्टॉकवेल जिंकला म्हणून त्याची आई आठवते. त्याच काळात ज्या न जिंकलेल्या घोड्यांची शिंगरं तितकीच हरली, त्यांची यादी कोणी करत नाही. लॉटरी लागलेल्यांनाच विचारलं की तिकीट घ्यावं का, तर दुसरं उत्तर येणार तरी कसं? त्यात घोडी अकरा महिने गाभण राहते आणि वर्षाला एकच शिंगरू देते, म्हणून फार्मला नर मूठभर लागतात आणि घोड्या पुष्कळ. एवढ्या सगळ्या विजेत्या घोड्या आणायच्या कुठून? बहुतेक आया सामान्यच असतात. मग मोठ्या घोड्यांच्या पुष्कळशा आया सामान्य निघाव्यात यात नवल नाही, आणि ते त्यांच्या सामान्यपणाचं प्रशस्तिपत्रही नाही.

लिलावाचा कॅटलॉग हातात घेतला की ही गंमत समोर दिसते. प्रत्येक शिंगराला एक पान. मोठ्या शर्यतीतले विजेते ठळक काळ्या अक्षरांत, बाकीचे बारीक टायपात. आई धावलीच नसेल तर ते एका शब्दात उरकतात आणि लगेच तिच्या बहिणीचा ठळक पराक्रम सुरू होतो. हरलेली भावंडं पानावर मावत नाहीत, किंवा मावू दिली जात नाहीत. आईचं पान कोरं असेल तर नजर आपोआप आजीकडे जाते. विकणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.

नराची गोष्ट वेगळी. एक नर एका हंगामात शंभरावर घोड्यांना लागू शकतो, त्यामुळे तिथली चूक शंभरपट होते. तरी अपवाद आहेतच. बाप म्हणून गाजलेल्या सॅडलर्स वेल्सचा सख्खा भाऊ फेअरी किंग एकदाच धावला, मागे पडला, हाड मोडलं. पुढे तो हेलिसिओ आणि १९९९चा डर्बी विजेता ओथ यांचा बाप झाला. नॉर्दर्न डान्सरचा मुलगा रझीन १९९०च्या एप्सम डर्बीत लोकांचा लाडका म्हणून उतरला आणि खूप मागे राहिला. मग तो भारतात आला, हरियाणातल्या उषा स्टडमध्ये राहिला, आणि इथल्या बापांच्या यादीत वर्षानुवर्षं पहिला आला. महालक्ष्मीच्या स्टँडमध्ये त्याच्या पोरांवर पैसे लावलेल्या कितीजणांना एप्समचा तो दिवस ठाऊक असेल?

दोघांतही काही घटक समान आहेत. बाप मोठा, आई चांगल्या घरची, आणि फेअरी किंगच्या बाबतीत हार ही मोडलेल्या हाडाची होती, मंद पायांची नव्हे. हरण्याचे प्रकार अनेक: मुळात वेग नसणं, अपघात, चुकीच्या अंतरावर पळवणं, माथेफिरू स्वभाव, वंशात उतरणारा दोष. निकालपत्रक या सगळ्यांना एकच क्रमांक देतं.

विज्ञानाने यात थोडा उजेड पाडला. १९८८ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने घोड्यांच्या गुणांकनातल्या फरकाचा साधारण तिसरा हिस्सा वारशाचा ठरवला. एडिंबरातल्या संशोधकांनी २००८मध्ये आयुष्यभराच्या कमाईचा हिशोब केला, तेव्हा वारशाचा वाटा जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास आला. बाकी ट्रेनर, जॉकी, चारा, पैसा, नशीब. म्हणजे निकाल खोटा नाही, पण धूसर आहे. २०१०मध्ये मायोस्टॅटिन जनुकाचा छोट्या-लांब अंतराशी असलेला संबंध सापडला. त्यामुळे मैलभर पळवून हरलेला घोडा कदाचित दीड मैलाचा होता, एवढं तरी आता कळू शकतं.

जर्मनांनी हा गुंता शिस्तीने सोडवला आहे. तिथे नराला पैदाशीची परवानगी मिळवायला शर्यतीत ठराविक दर्जा गाठावा लागतो, शरीराची तपासणी होते, आणि रक्तस्राव थांबवणारं औषध घेऊन पळालेला घोडा बाद. मला हा नियम आवडतो. मात्र तो तीनशे वर्षांपूर्वी असता, तर शर्यतीत न उतरलेला बार्टलेट्स चाइल्डर्स नोंदवहीत आलाच नसता, आणि एक्लिप्सही नाही. यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे: तेव्हा घोडे थोडे होते, आता जगभर हजारो आहेत आणि त्यांचं रक्त एकमेकांत फार मिसळलेलं आहे. तेव्हाची उदारता गरज होती, आजची बहुतेक वेळा हाव असते. अमेरिकेच्या जॉकी क्लबने २०२०मध्ये एका नराला वर्षाला जास्तीत जास्त १४० घोड्या असा नियम केला, आणि दोन वर्षांच्या आत तो मागे घ्यावा लागला.

घोडी सामान्य असली तर आक्षेप नसावा, पण ती का हरली ते विचारावं. पायाच्या किंवा श्वासाच्या वंशपरंपरागत दोषाने हरली असेल तर कुळी कितीही थोर असो, थांबावं. नर हरलेला असेल तर भाऊ-बापाच्या नावावर शंभर घोड्या देण्याऐवजी दहा द्याव्यात आणि शिंगरं पाहावीत. पोकाहोंटसचं नाव घेऊन मागितलेला शंभराचा आकडा मला मंजूर नाही.

आणि त्या दहांतलं नववं शिंगरूही हरलं तर? पुण्याच्या पूनावालांच्या स्टडमधले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्यांच्या रक्तापासून तिथे धनुर्वात आणि सर्पदंशाची औषधं होत. तेच काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. प्रत्येक फार्मला अशी सोय नाही. पैदाशीच्या वहीत बापाचं नाव लिहिण्याआधी, हे शिंगरू पंचवीस वर्षं कोण सांभाळणार, याचा रकाना कोऱ्या कागदावर तरी भरलेला असावा.