लंगोट कोण धुणार?



घरात बाळ आलं की आठ-पंधरा दिवसांतच एक वाद सुरू होतो. आजी म्हणते, "सुती लंगोटच बरे, आमची मुलं त्यातच वाढली." सून म्हणते, "आई, रात्रीपुरतं तरी डायपर लावू द्या." दोघींचं आपापल्या जागी खरं असतं. पण एक प्रश्न कोणीच विचारत नाही : ते लंगोट धुणार कोण?

तान्हं बाळ दिवसाला दहा-बारा लंगोट सहज ओले करतं. शी झालेला लंगोट आधी संडासात झटकायचा, मग गार पाण्यात खळबळायचा, कारण गरम पाण्याने डाग पक्का बसतो. त्यानंतर साध्या साबणाने धुवायचा. साबण राहिला तर बाळाला पुरळ उठतं, म्हणून दोन-तीन पाण्यांतून काढायचा. कपडे मऊ करणारं द्रावण घालायचं नाही, त्याने कापड ओल नीट शोषत नाही. वाळायला कडक ऊन हवं, पावसाळ्यात इस्त्री फिरवत बसायचं. हे सगळं ओल्या बाळंतिणीने करायचं? तिचे टाके अजून दुखतायत, रात्री सलग दोन तास झोप नाही.

यावर आपल्याकडे उत्तर तयार असतं, "अगं, बाळाची सेवा म्हणजे बाळकृष्णाची सेवा." वाक्य गोड आहे, खरंही आहे. पण ते कोण कोणाला म्हणतंय, ते पाहावं. उत्सवात महाप्रसादाची भांडी घासायला, जोडे सांभाळायला आपण स्वतःहून नाव देतो, म्हणून ती सेवा. जिला 'नाही' म्हणायची सोयच नाही, तिच्यावर टाकलेल्या कामाला सेवा म्हणणं बरोबर नाही. सेवा स्वतः करायची असते, दुसऱ्याला नेमून द्यायची नसते.

जनाबाईची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पांडुरंगाने विटेवर उभं राहून तिच्या कष्टांचं नुसतं कौतुक केलं नाही. तो तिच्याबरोबर दळायला बसला, शेण्या वेचायला गेला, धुणं धुवायला गेला. पैठणला गोदेच्या तापल्या वाळूत रडणारं पोर एकनाथ महाराजांनी स्वतः उचललं, कडेवर घेतलं. शिवाशिवीचा तो काळ, तरी "कोणीतरी याला घ्या हो" असं ते म्हणाले नाहीत.

काहीजण म्हणतील, "मग डायपरच लावा, प्रश्न मिटला." तो मिटत नाही, फक्त हात बदलतात. आमच्या इंदूरला कचरागाडीवर अशा कचऱ्यासाठी वेगळा डबा आहे. वापरलेलं डायपर नीट गुंडाळूनच द्यावं, असं 2016 च्या घनकचरा नियमांतही सांगितलं होतं. तरी एखादं उघडंच ओल्या कचऱ्यात गेलं, तर ते वेगळं काढणाराही कोणाचा तरी मुलगा असतो. कामवाल्या बाईंचंही तेच. लंगोट धुवायचे असतील तर आधी विचारावं, त्याचे पैसे वेगळे द्यावेत आणि शी आपण काढून मगच बादली पुढे करावी.

"आम्ही नाही का एकट्यांनी केलं?" असं काही जणी म्हणतात. केलं, मान्य आहे. पण मग ते किती जड होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ते ओझं पुढच्या पोरीवर तसंच ठेवायचं, की आपल्यापाशी थांबवायचं?

सुती की डायपर, हे बाळाच्या आईला ठरवू द्यावं. ज्याला सुतीचा आग्रह धरायचाय, त्याने आधी बादलीत हात घालावा. वडिलांनी ऑफिसातून आल्यावर एक बादली धुवावी. आजोबांनी दोरीवर वाळत घालावेत. आजीचे गुडघे दुखत असतील तर तिने बसल्या बसल्या घड्या घालाव्यात. "पूजेला बसायचंय, विटाळ होईल" अशी शंका असेल, तर धुवून झाल्यावर अंघोळ करावी आणि खुशाल पूजेला बसावं.

येत्या गुरुवारी आरती झाल्यावर घरात एवढंच विचारून बघा : आपल्याकडे सर्वांत नकोसं काम कोण करतं, आणि त्यातलं मी आजपासून कोणतं उचलणार?

जय गुरुदेव.