निवल्यावर सगळं ठीक

तारकर्लीहून देवबागच्या संगमाकडे आमची होडी पाऊण तास सुरेख गेली. वाळूच्या पट्ट्यावर उतरलो, चहा झाला, परत चढलो आणि इंजिन दोरीला दाद देईना. सकाळी दुसऱ्याच ओढीला सुरू झालेलं आउटबोर्ड आता नुसतं फिरत होतं, पेट घेत नव्हतं. ओहोटी लागलेली. कर्ली नदीचं पाणी होडीला समुद्राच्या तोंडाकडे ओढू लागलं, तेव्हा वल्ही काढली आणि जीव खाऊन काठ गाठला. तासाभराने सहज दोरी ओढली, तर पहिल्या ओढीला सुरू!

त्या हंगामात असं तीनदा झालं. पहिल्यांदा आम्ही कार्बोरेटर साफ केला; इंजिन सुरू झालं. दुसऱ्यांदा प्लग बदलला, सुरू झालं. तिसऱ्यांदा पेट्रोलची नळी आणि गाळणी नवी घातली; तेव्हाही सुरू झालं. प्रत्येक वेळी दोष सापडला असं आम्ही अगदी मनापासून मानलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी, तसा हा प्रकार होता. वरचं झाकण काढून, पाने शोधून, जेटमध्ये फुंकर मारेपर्यंत इंजिन निवलेलं असायचं. निवणं हाच उपाय होता आणि श्रेय मात्र आमच्या हातांना मिळत होतं. चुकीचा उपाय लागू पडला, की खरं कारण शोधण्याची गरजच वाटेनाशी होते. न लागू पडलेल्या उपायापेक्षा मला तो जास्त घातक वाटतो.

गरम इंजिनाची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. चालू असताना खालचा रबरी पंख्याचा पंप खाडीचं पाणी वर ढकलत असतो आणि इंजिन गार राहतं. बंद केलं की पंप थांबतो, पण धातूत साठलेली उष्णता कुठे जाणार? ती झाकणाखाली पसरते, कार्बोरेटरपर्यंत पोचते. म्हणजे इंजिन थांबल्यावर काही मिनिटं झाकणाखालचे भाग चालू असतानापेक्षाही जास्त तापतात. बंद करून लगेच दोरी ओढली तर सुरू होतं, १५ मिनिटांनी होत नाही, तासाने पुन्हा होतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. बिघाड काय आहे याच्याइतकंच तो केव्हा होतो हे महत्त्वाचं. आम्ही ‘केव्हा’ कधी नीट बघितलंच नव्हतं.

त्या उष्णतेत तीन गोष्टी होऊ शकतात. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून आत उतू जातं, मग प्लग ओला निघतो आणि त्यात सवयीने चोक ओढला तर आणखीच भिजतो. किंवा नळीत पेट्रोलची वाफ अडकते, प्लग कोरडा राहतो, पण ठिणगी पडते. तिसरी शक्यता म्हणजे कॉइलमधली केसासारखी तार कुठेतरी चिरलेली असते. तापून पसरली की चीर उघडते, ठिणगी जाते आणि निवल्यावर टोकं पुन्हा जुळतात. तिन्ही निवल्यावर सारख्याच निर्दोष दिसतात. वेगळ्या ओळखायच्या तर त्याच १५ मिनिटांत, तापलेल्या झाकणाखाली हात घालून.

माणसाच्या दुखण्याचंही असंच असतं. छातीत धडधडतं म्हणून गेलेल्या माणसाचा ईसीजी दवाखान्यात नॉर्मल येतो, म्हणून डॉक्टर २४ तास अंगावर होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं यंत्र, बांधतात. या पद्धतीत मला मोठा न्याय दिसतो. तपासणीत काही दिसलं नाही, म्हणून तक्रार खोटी ठरवली जात नाही. दुखणं येईल त्या क्षणी यंत्र तिथे हजर ठेवलं जातं. ‘इथे तर काही होत नाहीये’ हे वाक्य किती घरांत, किती कचेऱ्यांत तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद करतं!

आमच्या मेस्त्रींनी ते वाक्य उच्चारलं नाही. निवलेलं इंजिन घेऊन गेलो, तर त्यांनी हातसुद्धा लावला नाही. ‘थंड झाल्यार काय दिसतला? गरम असतानाच बघूक व्हया,’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी होडीतच येऊन बसले. इंजिन अडलं तसा त्यांनी प्लग काढून बोटाने चाचपला. ओला नव्हता. तो पुन्हा टोपीत बसवून, प्लगच्या भोकापासून लांब, इंजिनाच्या धातूला टेकवला आणि मला दोरी ओढायला सांगितली. ओंजळीच्या सावलीत बघितलं, तर फटीत ठिणगी नाही. अर्ध्या तासाने तिथेच, तसंच बघितलं. निळी, टचटचीत.

कॉइल बदलली, इंजिन लगेच सुरू झालं आणि मी पैसे पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. आधी तासभर खाडीत फिरवायला लावलं, मग त्याच वाळूच्या पट्ट्याशी इंजिन बंद करायला सांगितलं. पाण्याला ओढ होती. मेस्त्री एक हात वल्ह्यावर ठेवून, घड्याळाकडे बघत, पुरी १५ मिनिटं गप्प बसून राहिले. मग म्हणाले, ‘ओढा आता.’