साक्षीदारच जखमी असेल तर

ऑक्टोबर २००६. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात शाळेच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात १३ वर्षांच्या झॅकरी लिस्टेडचं डोकं जमिनीवर आपटलं. थोडा वेळ बाहेर बसून तो पुन्हा खेळायला उतरला आणि सामना संपल्यावर कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांना कवटीचा काही भाग काढावा लागला. पुढे पहिला शब्द बोलायला त्याला नऊ महिने लागले.

‘बरा आहेस ना?’ या प्रश्नाला मैदानावरचं मूल ‘हो’ म्हणतं. त्या ‘हो’वर विश्वास ठेवावा का?

न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेने शब्दाला प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानलं, पण तो आप्ताचा शब्द असेल तरच. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्ताला गोष्ट प्रत्यक्ष कळलेली असते आणि ती जशी कळली तशीच सांगण्याची इच्छाही असते. ऋषी असो वा म्लेंच्छ, कसोटी हीच. डोक्याला मार बसलेलं मूल या कसोटीवर दोनदा अडखळतं. ज्या मेंदूने स्वतःची अवस्था ओळखायची, तोच हादरलेला असतो. आणि संघातली जागा जाईल या भीतीने खरं सांगायची इच्छाही उरलेली नसते. म्हणजे मूल खोटारडं ठरत नाही. फक्त त्या घडीला स्वतःविषयी ते आप्त नसतं.

मग पुरावा बाहेर शोधावा लागतो. मार बसून मेंदू असा हादरणं म्हणजे कन्कशन, आणि बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपत नाही. मूल तोच प्रश्न पुन्हा विचारतं, स्कोअर विसरतं, सावकाश उत्तरं देतं, त्याला उजेड सहन होत नाही. सीटी स्कॅन बहुधा स्वच्छ येतो, कारण बिघाड पेशींच्या कामकाजात असतो. वारंवार उलट्या, आकडी, वाढत जाणारी डोकेदुखी, डोळ्यांच्या लहान-मोठ्या बाहुल्या यांपैकी काही दिसलं तर थेट रुग्णालय गाठायचं.

तपासणीही दर वेळी पुरत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवरच्या क्रिकेट सामन्यात जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. तपासणीत तो उत्तीर्ण झाला, परत येऊन ९२ धावांपर्यंत खेळला. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षणं दिसली आणि त्याच्या जागी मार्नस लबुशेन उतरला.

वॉशिंग्टनने २००९ मध्ये लिस्टेडच्या नावाने कायदा केला. नुसता संशय आला तरी खेळाडूला बाहेर काढायचं आणि अधिकृत वैद्यकीय व्यक्तीची लेखी परवानगी मिळेपर्यंत आत घ्यायचं नाही. नैयायिकांसाठी संशय ही शोधाची सुरुवात. इथे तो कृतीलाही पुरतो. एक सामना हुकणं आणि मेंदूवर दुसरा आघात होणं या नुकसानांची बरोबरी होत नाही, म्हणूनच शहानिशेची वाट पाहिली जात नाही.

तरी एक अवघड प्रश्न राहतो. कॅनडात २०१३ मध्ये १७ वर्षांच्या रोवन स्ट्रिंगरला रग्बी खेळताना आठवड्याच्या आत डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला आणि तिचा मृत्यू झाला. कन्कशनची शंका तिला स्वतःला आली होती. मैत्रिणींकडे ती बोललीही होती. अशा वेळी प्रशिक्षकाला सांगणारी मैत्रीण चहाडखोर की हितचिंतक? ओंटारिओ प्रांताने २०१८ मध्ये रोवनच्या नावाने कायदा केला आणि खेळाडू, पालक, प्रशिक्षक अशा सगळ्यांना कन्कशनची माहिती वाचणं बंधनकारक केलं.

मुलाच्या शब्दाला पुढे पुन्हा किंमत येते. एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर चालणं, हलकं धावणं, सराव अशा पायऱ्यांनी खेळाकडे परतायचं असतं. प्रत्येक पायरीवर डोकं दुखतं का, हे त्यालाच विचारावं लागतं आणि दुखत असेल तर डॉक्टर त्याच उत्तरावर पुढची पायरी थांबवतात.